जळलेला माळ, उभा माळ: कॅन्ससच्या प्रेअरीवरील पक्षी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातील एका पहाटे, पावणेसहाच्या सुमारास, आम्ही दोघे कॅन्सस राज्यातील फ्लिंट हिल्स या टेकड्यांवर एका खासगी कुरणाच्या माथ्यावर प्लायवूडच्या लहानशा लपणात बसलो होतो. कुरणाच्या मालकाने आदल्या संध्याकाळीच बजावले होते की उजाडण्यापूर्वी आत जाऊन बसायचे आणि शेवटचा पक्षी निघून जाईपर्यंत दार उघडायचे नाही. थंडी तीन-चार अंशांची असावी, दक्षिणेकडून वारा सुटला होता आणि समोरच्या झरोक्यातून अंधाराखेरीज काहीच दिसत नव्हते. मग त्या अंधारातून आवाज आला. रिकाम्या घागरीच्या तोंडावर कुणी हलकेच फुंकर घालावी तसा, तीन टप्प्यांचा, खोल आणि घुमणारा. एक आवाज विरतो न विरतो तोच डावीकडून दुसरा, त्यात मिसळून तिसरा, आणि पाहता पाहता सगळा माथा घुमू लागला.

मी सोलापूरची. वडील तेथे शाळेत शिक्षक होते, आणि १९८०च्या दशकात, नान्नजच्या माळावर माळढोक अजून बऱ्यापैकी दिसत असत त्या काळात, श्रावणातल्या एका रविवारी ते मला एस.टी.ने नान्नजला घेऊन गेले होते. तेथे दूरवर उभ्या असलेल्या एका नराने गळा फुगवला, त्याची पांढरी पिशवी पार पायांपर्यंत लोंबू लागली, शेपटी पाठीवर उलटली, आणि काही क्षणांनी जमिनीतून आल्यासारखा एक हुंकार आमच्यापर्यंत पोहोचला. तो हुंकार ऐकताना बाबांनी माझा हात घट्ट धरला होता. कॅन्ससमधल्या त्या अंधारात मी नवऱ्याचा हात तसाच धरला हे मला नंतर लक्षात आले. वास्तविक या दोन पक्ष्यांचे काही नाते नाही. समोर घुमत होते ते ग्रेटर प्रेअरी चिकन, म्हणजे तितर आणि मोर यांच्या कुळातले. माळढोक त्या कुळातला नव्हे. पण उघड्या माळावर, जेथे उंच झाडाची फांदी नाही, तेथे मादीला दुरून बोलवायचे असेल तर आवाज असा खालच्या पट्टीतला आणि लांब जाणारा असावा लागतो, हे दोघांनीही आपापल्या खंडात साधलेले आहे.

साडेसहाच्या सुमारास फटफटले आणि आवाजांना आकार आले. अकरा नर होते. कोंबडीपेक्षा थोडा लहान, अंगभर तपकिरी आणि फिकट आडव्या पट्ट्यांचा हा पक्षी एरवी गवतात बसला तर चार पावलांवरूनही दिसू नये. पण येथे, टेकडीच्या आखूड गवताच्या माथ्यावर, तो स्वतःला दाखवण्यासाठीच आला होता. एक नर आमच्या झरोक्यापासून जेमतेम तीन-चार मीटरवर येऊन उभा राहिला. त्याने मान पुढे ताणली, मानेवरची लांब पिसे शिंगांसारखी ताठ उभी केली, डोळ्यांवरच्या पिवळ्या-केशरी भुवया फुगवल्या आणि पाय इतक्या वेगाने आपटले की लाकडी फळीवर बोटे वाजवावीत तसा थरथराट आम्हांला स्पष्ट ऐकू आला. मग मानेच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या फुगल्या. त्यांचा रंग पिकल्या संत्र्याचा होता आणि त्यांवरची कातडी इतकी ताणली गेली होती की कोवळे ऊन तिच्यातून आरपार जात असल्याचा भास होत होता. या पक्ष्याच्या शास्त्रीय नावातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘ढोल बाळगणारा’ असा आहे, आणि ज्याने हे नाव दिले त्याच्याबद्दल मला त्या क्षणी फार आपुलकी वाटली.

नरांनी जमून नाचायच्या या जागेला इंग्रजीत ‘लेक’ म्हणतात. मराठीत हा शब्द लिहिला की मनात वेगळीच माया येते, म्हणून मी त्याला रिंगण म्हणते. वर्षानुवर्षे हे रिंगण त्याच माथ्यावर भरते. प्रत्येक नराची त्यात ठरलेली जागा असते, आणि मधल्या जागेसाठी ते एकमेकांसमोर उड्या मारतात, चोची उगारतात, मिनिटभर स्तब्ध उभे राहतात. सातच्या पुढे तीन माद्या आल्या. त्या अगदी सावकाश, मधेच थांबून गवताचे बी टिपत, जणू कुणी त्यांच्यासाठी एवढे करत आहे याची त्यांना कल्पनाच नाही अशा चालीने रिंगणातून गेल्या, आणि त्या गेल्या तसे सगळे नर त्यांच्या दिशेने वळत राहिले. एवढ्यात एक भोवत्या, हा शिकारी पक्षी, गवताला घासून उडत आला. अकराही नर एका क्षणात जमिनीला चिकटले, घुमणे थांबले आणि वाऱ्याखेरीज काही ऐकू येईना. हिवाळ्यात सोलापूरच्या माळांवर मी पाहिलेले भोवत्ये याच जातकुळीचे, असेच पंख किंचित वर धरून तरंगत येणारे. तो टेकडीपलीकडे दिसेनासा झाल्यावर पहिला हुंकार यायला पुरी तीन मिनिटे लागली.

आम्ही गेली चौदा वर्षे कॅन्सस सिटीच्या उपनगरात राहतो. तेथून नैर्ऋत्येला दोन तास गाडी चालवली की एम्पोरिया लागते, आणि त्याच्या पश्चिमेला चेस काउंटी. अडीच हजारांच्या आसपास लोकवस्ती असलेल्या या काउंटीत स्ट्राँग सिटी नावाच्या छोट्या गावाच्या उत्तरेला टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह आहे. सुमारे ११ हजार एकरांचे हे संरक्षित क्षेत्र नोव्हेंबर १९९६ मध्ये स्थापन झाले. अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा आणि द नेचर कॉन्झर्व्हन्सी ही संस्था मिळून त्याची देखभाल करतात. मी तेथे गेली आठ वर्षे, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, जमेल तेव्हा जात आले आहे, आणि या लेखात जे सांगायचे आहे ते मुख्यतः तेथे शिकलेले आहे.

उंच गवताची प्रेअरी, म्हणजे गवताळ माळ, एके काळी कॅनडापासून टेक्सासपर्यंत सुमारे १७ कोटी एकरांवर पसरलेली होती. आज तिचा चार टक्क्यांहून कमी भाग शिल्लक आहे आणि त्यातलाही बहुतेक फ्लिंट हिल्समध्ये आहे. १८३७ मध्ये जॉन डीअर यांनी इलिनॉयमध्ये पोलादी नांगर बनवला. त्याआधी गवताच्या मुळांच्या जाळीत लाकडी आणि बिडाचे नांगर अडकून पडत असत. या नांगराने ती जाळी कापली गेली आणि पुढच्या काही दशकांत इलिनॉय, आयोवा येथील जवळजवळ सगळी प्रेअरी मक्याखाली गेली. फ्लिंट हिल्स वाचल्या त्या कुणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. या टेकड्यांच्या चुनखडीत गारगोटीसारखा कठीण चर्ट दगड थरांथरांनी बसलेला आहे, वर मातीचा थर पातळ आहे, आणि तेथे नांगर चालेना. १८०६ मध्ये झेब्युलन पाइक या शोधप्रवाशाने खडबडीत गारगोट्यांच्या टेकड्या म्हणून यांची नोंद केली होती, तेच नाव राहिले. दख्खनच्या मुरमाड माळांचेही असेच आहे. जेथे खालचा खडक हाताला लागतो तेथेच गवत टिकले, काळ्या जमिनीवरचे कधीच गेले.

येथील गवतांत मुख्य आहे बिग ब्लूस्टेम. सप्टेंबरात ते माणसाच्या डोक्यावर जाते आणि त्याची मुळे तीन मीटरपर्यंत खाली उतरतात. हे गवत आणि आपली ज्वारी एकाच मोठ्या कुळशाखेतली आहेत, आणि ऊस व मकाही त्याच शाखेतला, हे मला येथे आल्यावर कळले. पहिल्यांदा त्याची काडी हातात घेतली तेव्हा पेरांवरची ती जांभळट झाक आणि पान काडीला कसे मिठी मारून बसते ते पाहून मी कडब्याची पेंढी हातात घेतल्यासारखी तेथेच उभी राहिले होते. मालदांडी ज्वारीच्या गावात वाढलेल्या मुलीला ही ओळख पटायला वनस्पतिशास्त्राची गरज नव्हती.

मात्र गवत ओळखणे वेगळे आणि गवताची उंची वाचणे वेगळे. सुरुवातीच्या दोन वर्षांत मी दुर्बीण लावून पक्षी शोधत असे आणि निम्म्या वेळी रिकाम्या हाताने परतत असे. एका सकाळी कुंपणाजवळ भेटलेल्या एका वयस्क पक्षीनिरीक्षक बाईंनी मला थांबवून विचारले, “तुम्ही आज कोणत्या वर्षाच्या गवतात जाणार आहात?” मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समोरच्या उतारावर हाताने तीन रेषा ओढल्या: हा या वसंतात जाळलेला भाग, तो गेल्या वर्षी जाळलेला, आणि पलीकडचा, राखाडी दिसणारा, दोन वर्षांपूर्वीचा. प्रत्येकात वेगळे पक्षी आहेत, असे त्या म्हणाल्या, आणि पुढचे चार तास त्यांनी मला ते दाखवले.

आगीविषयी येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे वणवा म्हटले की नुकसानच डोळ्यांसमोर येते. मार्च-एप्रिलमध्ये फ्लिंट हिल्समध्ये मैलोन्‌मैल कुरणे पेटवली जातात. रात्री रस्त्याने जाताना टेकड्यांवर आगीच्या वेड्यावाकड्या माळा दिसतात आणि वारा अनुकूल असेल तर धुराचा वास आमच्या घरापर्यंत येतो. ही प्रथा गोऱ्या वसाहतकारांच्या आधीची आहे. कॉ आणि ओसेज हे येथील मूळ लोक गवत जाळीत असत, कारण कोवळ्या फुटव्यावर बायसन, म्हणजे अमेरिकी रानगवे, येतात हे त्यांना ठाऊक होते. कॉ लोकांना कान्सा असेही म्हणतात. राज्याचे नाव त्यांच्यावरून पडले, आणि १८७३ मध्ये त्यांना याच राज्यातून हलवून आजच्या ओक्लाहोमात पाठवण्यात आले. नाव ठेवून घेतले आणि माणसे घालवली, ही गोष्ट मला या टेकड्यांवर चालताना दर वेळी सलते.

आग लागली नाही तर काय होते, हे रिंगणाच्या त्या मालकाने मला त्याच्या शेजारचा उतार दाखवून समजावले. तेथे बरीच वर्षे आग लागलेली नव्हती आणि रेड सिडारची काळपट झाडे गवतात जागोजाग उभी राहिली होती. “जाळणे थांबवले की आधी झुडपे येतात, मग हे येतात, आणि एकदा हे आले की कोंबड्या माथा सोडतात,” तो म्हणाला. प्रेअरी चिकन झाडाजवळ फिरकत नाही. झाड म्हणजे ससाण्या-घुबडांना बसायला जागा, एवढाच त्याच्यासाठी झाडाचा अर्थ आहे.

पण आगीचाही अतिरेक होतो, आणि येथे हा विषय नाजूक आहे. जळलेल्या जमिनीवरचा फुटवा खाऊन गुरांचे वजन अधिक वाढते. त्यामुळे १९८०च्या दशकापासून पुष्कळ कुरणांवर अशी पद्धत रूढ झाली की दर वसंतात सगळे कुरण जाळायचे, त्यावर नेहमीच्या दुप्पट गुरे सोडायची आणि जुलैच्या मध्यावर ती काढून न्यायची. गुरांच्या हिशेबाने ही पद्धत चोख आहे. पण प्रेअरी चिकनची मादी एप्रिलअखेर घरटे करते ते गेल्या वर्षीच्या, वाळून उभ्या राहिलेल्या गवतात; जमिनीवर खळगा करून त्यात दहा-बारा अंडी घालते आणि जवळपास साडेतीन आठवडे त्यांवर बसते. सगळेच जाळले तर तिला आडोसा उरत नाही. काहीच जाळले नाही तर झाडे येतात आणि रिंगण मोडते. तिला एकाच वेळी आखूड माथा, उभे जुने गवत आणि पिलांसाठी किड्यांनी भरलेले मोकळे, फुलझाडांचे गवत असे तिन्ही लागते, आणि तेही चालत जाता येईल इतक्या अंतरावर.

या पेचावर ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी सुचवलेला मार्ग संरक्षित क्षेत्रात वापरला जातो. कुरणाचे तीन भाग मानायचे आणि दर वर्षी त्यातला एकच जाळायचा. मध्ये कुंपण घालायचे नाही. गुरे, आणि बायसनही, आपण होऊन ताज्या फुटव्याकडे जातात, तो भाग आखूड चरून ठेवतात आणि बाकीचे दोन भाग त्यांच्या तोंडातून सुटतात. पुढच्या वर्षी आग दुसरीकडे, गुरे तिकडे. पूर्वी वीज पडून लागलेली आग आणि बायसनचे कळप मिळून जे करत असत, तेच येथे ठरवून केले जाते. २००९ मध्ये साउथ डकोटातील विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानातून १३ बायसन येथे आणले गेले. आज तो कळप बराच वाढला आहे, आणि उंच कड्याकडे जाणारी पायवाट त्यांच्याच कुरणातून जाते, त्यामुळे भरपूर अंतर राखून, प्रसंगी वाट सोडून, चालावे लागते.

जूनमधल्या एका सकाळी या तीन भागांतून चालत गेले की काय दिसते ते आता सांगते. पायमोजे पँटवर ओढून घेतलेले असावेत, कारण गोचीड पुष्कळ.

यंदा जाळलेल्या भागात जमीन अजून दिसते. काळे खुंट, त्यांतून उगवलेले पोपटी गवत, मधे पांढुरके दगड. येथे अपलँड सँडपायपर हमखास असतो. उजनीच्या काठावर आपण तुतवार पाहतो ते याचे भाऊबंद. पण हा पाण्याकडे फारसा जात नाही, सगळे आयुष्य माळावर काढतो. लहान डोके, बारीक मान आणि मोठे काळे डोळे यांमुळे त्याच्या चेहऱ्यावर कायम आश्चर्य असते. गेल्या जूनमध्ये एक माझ्यापासून पंधरा पावलांवरच्या लाकडी खांबावर उतरला. खांबावर पाय टेकल्यावर त्याने पंख मिटले नाहीत. ते सरळ वर, आभाळाकडे, तळहात जोडावेत तसे क्षणभर उभे धरले, पंखांखालची बारीक पट्ट्यांची नक्षी दिसली, आणि मग एकामागून एक ते अंगावर घडी करून ठेवले. नंतर तो ओरडला. ती शीळ आधी बुडबुड्यांसारखी सुरू होते, चढते, आणि मग लांबत लांबत खाली येते. ऐकणाऱ्याला वाटते की वारा एका फटीतून जातो आहे. हा पक्षी हिवाळा अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या पंपास गवताळ प्रदेशांत काढतो आणि एप्रिलमध्ये येथे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्रवासी कबुतरे संपत आल्यावर, बाजारात विकण्यासाठी यांची बेसुमार शिकार झाली. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले. त्याच कायद्याच्या वेळी एस्किमो कर्ल्यू हा आणखी एक प्रवासी मात्र जवळजवळ संपलेला होता. तोही वसंतात या जळलेल्या माळांवर उतरत असे. त्याचे शेवटचे खात्रीचे दर्शन १९६३ चे.

गेल्या वर्षी जाळलेल्या भागात गवत कमरेपर्यंत असते आणि त्यात फुले असतात. येथे डिकसिसलचे राज्य आहे. छातीवर पिवळा रंग आणि गळ्यावर काळा त्रिकोण असलेला हा चिमणीएवढा पक्षी प्रत्येक उंच काडीवर बसून आपल्याच नावाचा उच्चार करत असतो; जूनमध्ये एका जागी उभे राहून मी नऊ नर मोजले आहेत. शेजारी ईस्टर्न मेडोलार्कची स्वच्छ, गोड शीळ. खाली, गवताच्या बुडाशी, ग्रासहॉपर स्पॅरो, ज्याचे गाणे एखाद्या किड्याच्या किरकिरीसारखे असल्याने पहिली काही वर्षे मी ते पक्ष्याचे मानलेच नव्हते. कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात घालावी तशी काउबर्ड येथे डिकसिसलच्या घरट्यात अंडी घालते; तीही पिढ्यान्‌पिढ्या बायसनच्या मागे फिरणारी, आज गुरांच्या पायांशी दिसणारी.

डिकसिसलने मला सोलापूरच्या भोरड्यांची आठवण करून दिली. हिवाळ्यात आपल्याकडे ज्वारी हुरड्याला आली की भोरड्यांचे थवे उतरतात, सूर्यास्ताच्या वेळी आभाळात धुरासारखे वळसे घेतात, आणि शेतकरी गोफण घेऊन मचाणावर उभा असतो. डिकसिसल हिवाळ्यात व्हेनेझुएलातील ल्यानोस या गवताळ प्रदेशात असेच अफाट थव्यांनी राहतात आणि तेथे ज्वारी-भातावर उतरतात. तेथे गोफणीऐवजी विषाची फवारणी झालेली आहे, तीही पक्षी रात्री जमतात त्या जागांवर. एका रात्रीत एका थव्याचा मोठा हिस्सा संपू शकतो. चेस काउंटीत एका काडीवर बसून गाणाऱ्या पक्ष्याचे पुढच्या जूनमध्ये परत येणे इतक्या लांबच्या एका शेतकऱ्यावर अवलंबून आहे. त्या शेतकऱ्याचा राग मी समजू शकते, कारण माझ्या मामांच्या शेतातला राखणदार मी पाहिलेला आहे, आणि तरीही विष मला सहन होत नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की १९७० पासून उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेशांचे पक्षी ५३ टक्क्यांनी घटले आहेत. म्हणजे ७० कोटींहून अधिक पक्षी. जंगल, पाणथळ, किनारा या सगळ्यांपेक्षा ही घट मोठी आहे. पाणथळीचे पक्षी तर त्या काळात वाढले, कारण पाणथळी राखण्यासाठी पैसा आणि माणसे उभी राहिली. गवतासाठी तेवढे कुणी उभे राहिले नाही. प्रेअरी चिकनचीच पूर्व किनाऱ्यावरची उपजात, हीथ हेन, १९३२ मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटावर नामशेष झाली. शेवटची काही वर्षे तेथे एकच नर उरला होता. ते वाचले तेव्हा मला नान्नज आठवले. १९७९ मध्ये तेथे माळढोकासाठी साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचे अभयारण्य जाहीर झाले, नंतर ते पुष्कळ कमी करण्यात आले, आणि आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर ती बातमी होते.

एप्रिलच्या त्या सकाळी लपणातून बाहेर पडल्यावर मी रिंगणाचा आवाज बाबांना पाठवला. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि सोलापुरातच असतात. रात्री फोन आला.

“अगं, हा कुठला? आवाज तर आपल्या माळावरचाच.”

मी त्यांना पक्षी सांगितला, टेकडी सांगितली, तीन भागांची आग सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “तिथे त्या माळावर झाडे लावायला कुणी येत नाही ना?”

“नाही बाबा. इथे आपोआप उगवलेली झाडेसुद्धा काढून टाकतात.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या लहानपणी शाळाशाळांतून माळावर रोपे लावायला मुले नेली जात असत. बाबांनीही नेली होती, मीही त्यांत होते. पडीक जमीन हिरवी करायची, असे सगळ्यांनाच मनापासून वाटत असे. त्या ‘पडीक’ जमिनीवर धाविक होते, चंडोल होते, पखुर्ड्या होत्या, हे बाबांना तेव्हाही माहीत होते. “कागदावर पडीक लिहिलेले असायचे गं,” ते शेवटी म्हणाले, “आणि आम्ही कागद मानला.”

तिसऱ्या भागाविषयी सांगायचे राहिले. दोन वर्षे न जळलेले गवत दाट, गुंतलेले आणि बुडाशी वाळक्या पानांच्या गादीने भरलेले असते. त्यात चालता येत नाही, आणि लांबून तो भाग सर्वांत उदास दिसतो. मी तेथे कित्येकदा न थांबता पुढे गेले होते. गेल्या जूनमध्ये, उजाडण्याच्या थोडे आधी, मी त्याच्या कडेला अर्धा तास नुसती बसून राहिले. प्रथम काहीच नाही. मग एक उचकीसारखा आवाज, ‘त्सि-लिक’, इतका छोटा की संपल्यावर ऐकल्याची खात्री वाटेना. पुन्हा तसाच. हा हेन्स्लोज स्पॅरो. डार्विनचे गुरू हेन्स्लो यांच्या नावावरून ऑडुबॉन या पक्षिचित्रकाराने त्याचे नाव ठेवले. अमेरिकेतील सर्वांत छोट्या गाण्यांपैकी हे एक, आणि ते गाणारा पक्षी याच जुन्या, पानांची गादी साठलेल्या गवतात राहतो. जाळलेल्या वर्षी तो तेथे राहत नाही. वीस मिनिटांनी तो एका वाकलेल्या काडीवर चढला. चपटे डोके, डोक्यावर हिरवट छटा, पंखांवर विटकरी रंग. त्याने मान मागे टाकली, चोच उघडली, सगळे अंग हलवून ती एक उचकी दिली आणि पुन्हा गवतात उतरला.

तेथील कर्मचाऱ्यांना नंतर विचारले तेव्हा कळले की तो भाग येत्या मार्चमध्ये जाळला जाणार आहे. ऐकून मला क्षणभर वाईट वाटले आणि मी तसे बोलूनही दाखवले. त्यांनी नकाशावर ओढ्याच्या पलीकडचा तुकडा दाखवला, तोवर त्याला जुनेपण आलेले असेल. तेथे बसायला दगड कुठे आहे तेही त्यांनी सांगितले. मी जूनचा दुसरा आठवडा कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.